आयकर विवरणपत्रावरची सही: ओटीपी, नेट बँकिंग की बंगळुरूला पाकीट?

रिटर्न अपलोड झालं, पोचपावती क्रमांक आला, की बहुतेक जण लॅपटॉप मिटून मोकळे होतात. खरं तर त्या क्षणी विवरणपत्राची अवस्था सही न केलेल्या चेकसारखी असते. आकडे बरोबर, बेरीज बरोबर, फॉर्म १६ शी ताळा जुळलेला, तरीही आयकर खात्याच्या लेखी ते अजून भरलेलंच नाही. पडताळणी, म्हणजे सगळे ज्याला ई-व्हेरिफाय म्हणतात ते, ही इथली सही. ती करायला ई-फायलिंग पोर्टलने पाच-सहा वाटा ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक वाट कुठे सुरळीत चालते आणि कुठे अडते हे आधी कळलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

निवाडा सुरुवातीलाच देतो. आधारशी जोडलेला मोबाइल हातात असेल तर आधार ओटीपीसारखी सोय नाही. तो नसेल तर नेट बँकिंग. बँक खात्यावरून येणारा कोड उत्तम चालतो, पण त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते. कागदावर सही करून तो आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राला पाठवणं आजही मान्य आहे, पण ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नाही त्यानेच ते करावं.

मुदतीबद्दल आधी बोलायला हवं, कारण जुनी माहिती अजून तोंडोतोंडी फिरते. पूर्वी पडताळणीला १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून अपलोड केलेल्या विवरणपत्रांना फक्त ३० दिवस मिळतात. हे दिवस मोजायचे ते अपलोड केल्याच्या तारखेपासून. ३१ जुलैच्या अंतिम तारखेशी त्यांचा संबंध नाही. तीस दिवसांच्या आत सही झाली तर अपलोडची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख धरली जाते. तीस दिवस उलटून सही झाली तर सही केली ती तारीख धरतात, आणि खरी हानी इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. ३१ जुलैची मुदत असलेल्या पगारदाराने २५ जुलैला रिटर्न अपलोड केलं. त्याला २४ ऑगस्टपर्यंत वेळ आहे. त्याने २८ ऑगस्टला ओटीपी टाकला, तर त्याचं विवरणपत्र २८ ऑगस्टला भरलेलं, म्हणजे उशिराचं ठरतं. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम २३४ एफ खालचं विलंब शुल्क लागतं: एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्यापुढे ५,००० रुपये. कर बाकी असेल तर दरमहा १ टक्का व्याज वेगळं. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढण्याचा हक्क जातो. रिफंड निघत असेल तर त्यावरचं व्याजही १ एप्रिलऐवजी उशिराच्या तारखेपासून मोजलं जातं. आणि सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे जुनी करप्रणाली. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला जुनी प्रणाली निवडायची असेल तर विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं. गृहकर्जाचं व्याज, ८० सी कलमाखालची गुंतवणूक, घरभाडं असं सगळं लावून केलेला हिशेब चार दिवस उशिरा टाकलेल्या ओटीपीमुळे कोसळू शकतो. सहीकडे ‘नंतर बघू’ म्हणून पाहू नये ते यासाठी.

आता प्रत्यक्ष सेवेकडे. विवरणपत्र सादर करताना पोर्टल तीन पर्याय पुढे ठेवतं: आत्ताच ई-व्हेरिफाय, नंतर ई-व्हेरिफाय, किंवा आयटीआर-व्ही, म्हणजे छापून सही करायचं पडताळणी पत्रक, टपालाने पाठवून पडताळणी. पहिला निवडावा. दुसरा निवडला तर तीस दिवसांचं घड्याळ चालू होतं आणि ते विसरायला फार सोपं असतं. शिवाय एक बारीक मेख अशी, की डिजिटल सिग्नेचर वापरून सही करायची असेल तर ती सादर करतानाच करावी लागते. ‘नंतर’ निवडलं की डिजिटल सिग्नेचरचा रस्ता त्या विवरणपत्रापुरता बंद होतो.

या सगळ्या व्यवस्थेचं मर्म एका गोष्टीत आहे: तुमचा मोबाइल क्रमांक एक नसतो, तीन असतात. एक ई-फायलिंग पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये नोंदलेला, दुसरा आधारला जोडलेला, तिसरा बँकेत दिलेला. कित्येकांच्या बाबतीत हे तिन्ही वेगळे निघतात. पोर्टलवर पूर्वीच्या कर सल्लागाराने स्वतःचा टाकलेला, आधारला दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला, बँकेत बायकोचा किंवा मुलाचा. ओटीपी आला नाही अशा तक्रारीत सर्व्हर बंद असतो त्यापेक्षा जास्त वेळा तो ओटीपी दुसऱ्याच फोनवर पोचलेला असतो. म्हणून सादर करण्याचं बटण दाबण्याआधी पाच मिनिटं काढून हे तीन क्रमांक बघून घ्यावेत. सही कुठल्या वाटेने करायची हे त्यावरूनच ठरतं.

आधार ओटीपीची पद्धत अशी. पोर्टलवर लॉगिन करून ई-फाइल, आयकर विवरणपत्र, ई-व्हेरिफाय रिटर्न या क्रमाने जायचं. ज्या विवरणपत्राची पडताळणी राहिली आहे त्यासमोर ई-व्हेरिफाय दाबायचं. पर्यायांच्या यादीत ‘आधारशी नोंदलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने’ हा पर्याय निवडायचा, आधारच्या तपशिलाला संमती देणाऱ्या चौकटीत खूण करायची आणि ओटीपी मागवायचा. सहा आकडी ओटीपी येतो, तो १५ मिनिटं चालतो, आणि बरोबर टाकायला तीन संधी मिळतात. उलटमोजणी स्क्रीनवर दिसत असते. मुदत संपली तर पुन्हा पाठवा दाबायचं. आधीचा ओटीपी त्यानंतर चालत नाही, त्यामुळे दोन एसएमएस आले असतील तर शेवटचा वापरायचा. याच यादीत ‘माझ्याकडे ओटीपी आहे’ असाही एक पर्याय असतो. घाईत तो निवडला तर पोर्टल नवा ओटीपी न पाठवताच रिकामी चौकट दाखवतं आणि माणूस एसएमएसची वाट बघत बसतो. मागे येऊन वरचा पर्याय घेतला की काम होतं.

ओटीपी स्वीकारला गेला की यशाचा संदेश येतो, सोबत व्यवहार क्रमांक, आणि प्रोफाइलमधल्या ई-मेलवरही कळवलं जातं. सगळं नीट असेल तर पूर्ण काम दोन मिनिटांचं आहे. या पद्धतीला एकच पूर्वअट: पॅन आणि आधार जोडलेले असले पाहिजेत. ज्यांनी जोडणी केलेली नाही त्यांचं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालं, आणि उशिरा जोडायला १,००० रुपये शुल्क भरावं लागलं. हा प्रश्न सहीच्या वेळी लक्षात आला तर तीस दिवसांतले बरेच दिवस त्यातच जातात.

आधारला जुना क्रमांक असेल तर तो बदलायला आधार केंद्रात जाता येतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही मोबाइल क्रमांक बदलून देतो. वयस्कर माणसांसाठी ही सोय फार मोलाची आहे आणि पुरेशा लोकांना ती माहीत नाही. पण बदल नोंदला जायला वेळ लागतो, म्हणून हे काम जुलैत न काढता मे-जूनमध्ये उरकावं.

नेट बँकिंगचा रस्ता मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, आणि त्याची वाखाणणी व्हायला हवी तेवढी होत नाही. यात आधारचा मोबाइल लागत नाही. बँकेच्या साइटवर लॉगिन करून तिथल्या आयकर किंवा ई-फायलिंगच्या दुव्यावरून थेट पोर्टलमध्ये जायचं आणि तिथे ई-व्हेरिफाय करायचं. बँकेने तुमची ओळख पटवलेलीच असते, म्हणून वेगळा कोड टाकावा लागत नाही. परदेशात राहणाऱ्या आणि भारतातलं सिम बंद झालेल्या माणसाला हाच मार्ग सोयीचा, अर्थात बँक त्याला तिच्या साइटवर परदेशी क्रमांकाने आत जाऊ देत असेल तर. अडचण दोनच ठिकाणी येते. बँकेतल्या खात्याला पॅन जोडलेलं नसतं, किंवा खातं संयुक्त असतं आणि लॉगिन दुसऱ्या खातेदाराच्या नावाचं असतं. दुसऱ्याच्या लॉगिनने आत गेलात तर पोर्टल त्याचं पॅन उघडणार, तुमचं नाही. आणखी एक, बँकेच्या साइटवर हा दुवा कर भरण्याच्या दुव्याशेजारी असतो. चुकून चलनाच्या पानावर गेलात तर बाहेर येऊन योग्य दुवा शोधावा.

बँक खात्यावरून मिळणारा ईव्हीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पडताळणी कोड, ही पुढची वाट. हा दहा अक्षर-अंकी कोड असतो आणि ७२ तास चालतो. आधार ओटीपीच्या पंधरा मिनिटांपुढे हे तीन दिवस ऐसपैस वाटतात. पण अट अशी की खातं पोर्टलवर आधी प्रमाणित केलेलं हवं, आणि त्यावर ईव्हीसी सुरू केलेलं हवं. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रिफंड जमा होण्यासाठी खातं नुसतं प्रमाणित असलं तरी पुरतं. सहीसाठी त्याच खात्यासमोरचं ईव्हीसीचं बटण चालू लागतं, आणि एका वेळी एकाच खात्यावर ते चालू ठेवता येतं. माझं प्रोफाइल, माझं बँक खातं या पानावर हे दिसतं. प्रमाणित होण्यासाठी खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं लागतं आणि बँकेतला मोबाइल पोर्टलवरच्या मोबाइलशी. लग्नानंतर पॅनवर आडनाव बदललं आणि बँकेत माहेरचंच राहिलं, की प्रमाणन फसतं. बँकेकडून उत्तर यायलाही काही दिवस जाऊ शकतात. डीमॅट खात्यावरूनही अगदी असाच कोड मिळतो, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरींपैकी जिथे खातं असेल तिथला, अटी त्याच. काही निवडक बँकांच्या एटीएमवर कार्ड घालून, पिन टाकून आयकर भरणीसाठीचा कोड मागवता येतो. ज्याच्याकडे नेट बँकिंग नाही पण डेबिट कार्ड आहे त्याच्यासाठी ठीक, मात्र आपली बँक ही सोय देते का ते आधी विचारून जावं.

डिजिटल सिग्नेचर वैयक्तिक पगारदारासाठी नाही. यूएसबी टोकन, एम्साइनर नावाचा प्रोग्राम, पोर्टलवर नोंदणी, दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरण, एवढा खटाटोप कंपनीला किंवा व्यावसायिकाला परवडतो. कंपन्यांना तर ती सक्तीचीच आहे. घरातल्या एका रिटर्नसाठी टोकन विकत घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नये.

आता कागद. आयटीआर-व्ही हे एका पानाचं पत्रक. पोर्टलवरून दाखल विवरणपत्रांच्या यादीतून ते उतरवून घ्यायचं, छापायचं, सही करायची आणि या पत्त्यावर धाडायचं: सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर, आयकर विभाग, बंगळुरू ५६०५००, कर्नाटक. जवळच्या आयकर कार्यालयात ते घेत नाहीत.

हे पान हातात धरून नीट बघितलं पाहिजे, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. पडताळणी झाली नसेल तेव्हा त्याच्या माथ्यावर पडताळणी फॉर्म असं लिहिलेलं असतं. झाल्यानंतर उतरवलं तर पोचपावती असं लिहिलेलं असतं. बाकी रचना मिळतीजुळती: नाव, पॅन, पोचपावती क्रमांक, उत्पन्न आणि कराचे आकडे, खाली बारकोड. लोक पहिलं पान फाइलला लावतात आणि रिटर्न भरलं असं समजतात. कर्जासाठी बँकेने मागितलं की मग उघडकीस येतं. पडताळणी फॉर्मवर मी जाहीर करतो की दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, अशा अर्थाचा मजकूर असतो आणि सहीला जागा असते. सही निळ्या शाईने करावी, प्रत्यक्ष पेनाने. स्कॅन करून चिकटवलेली सही चालत नाही. सहीचा फराटा बारकोडवर जाऊ देऊ नये. छपाई फिकट असेल, शाई संपत आलेल्या प्रिंटरने बारकोडच्या रेघा तुटक आल्या असतील, तर पुन्हा छापावं. साधा पांढरा ए-४ कागद पुरे. फॉर्म १६, गुंतवणुकीच्या पावत्या, आधारची प्रत यातलं काहीही सोबत जोडायचं नाही. पिन किंवा स्टेपल मारायची नाही. घडी बारकोडवर पडू द्यायची नाही. नवरा-बायको दोघांचे फॉर्म एका पाकिटात घालता येतात, पण प्रत्येकाच्या पानावर ज्याची त्याची सही हवी.

टपालाबद्दलचा नियम मधल्या काळात बदलला आहे आणि तो करदात्याला प्रतिकूल आहे. २०२२ च्या अधिसूचनेत स्पीड पोस्टने पाठवल्याची तारीख धरत होते. ३१ मार्च २०२४ च्या अधिसूचनेनुसार फॉर्म बंगळुरूला पोचल्याची तारीख धरली जाते. म्हणजे २८ व्या दिवशी पोस्टात टाकून पावती जपून ठेवली तरी उपयोग नाही. ज्यांना कागदच पाठवायचा आहे त्यांनी पहिल्या आठवड्यातच पाठवावा, आणि साध्या टपालापेक्षा स्पीड पोस्टने, कारण पावतीवरच्या तेरा अक्षरांच्या क्रमांकावरून पाकीट कुठवर गेलं ते कळतं. पाकीट पोचलं म्हणजे फॉर्म नोंदला गेला असंही नाही; नोंद झाल्यावर ई-मेल येतो आणि पोर्टलवरची स्थिती बदलते. दहा-पंधरा दिवसांत ती बदलली नाही तर थांबू नये. मुदत शिल्लक असेल तर सरळ ऑनलाइन पडताळणी करून टाकावी.

एक वेगळा वर्ग इथे ध्यानात ठेवायला हवा. ज्यांचं वय ८० किंवा त्याहून जास्त आहे आणि जे आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ भरतात, त्यांना मूळ विवरणपत्रच कागदावर भरण्याची मुभा आहे. त्यांच्यासाठी आयटीआर-व्हीचा प्रश्न येत नाही. बाकी सगळ्यांचं रिटर्न ऑनलाइनच, फक्त सही कागदावर होऊ शकते.

सही दुसऱ्याने करायची वेळ येते तेव्हा नियम स्पष्ट आहेत. करदाता देशाबाहेर असेल तर त्याने मुखत्यारपत्र दिलेली व्यक्ती सही करू शकते. मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल तर पालक किंवा त्याच्या वतीने काम बघणारी सक्षम व्यक्ती. करदात्याचं निधन झालं असेल तर कायदेशीर वारसाला पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करावी लागते, आणि तो स्वतःच्या ओळखीने पडताळणी करतो. वडील गेल्यानंतर त्यांच्याच फोनवर आलेल्या ओटीपीने रिटर्नची सही करून टाकणं हे सोपं दिसतं, पण ते बरोबर नाही. रिफंड निघाला तर तो त्यांच्या गोठलेल्या खात्यात अडकतो आणि मग वारसनोंदणी करावीच लागते. हिंदू अविभक्त कुटुंबाला आधार नसतं, तिथे कर्त्याच्या आधारवर ओटीपी येतो.

कर सल्लागाराला ओटीपी फोनवर सांगण्याची पद्धत सर्रास आहे. त्याला माझा विरोध नाही, पण तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे हे विसरू नये. आकडे चुकीचे असतील, न केलेली देणगी किंवा न भरलेलं घरभाडं त्यात दाखवलेलं असेल, तर जाब तुम्हाला विचारला जातो, सल्लागाराला नाही. खोटं निवेदन केल्याबद्दल १९६१ च्या आयकर कायद्याच्या २७७ व्या कलमात शिक्षेची तरतूद आहे. म्हणून आधी विवरणपत्राची पीडीएफ मागून घ्यावी, निदान एकूण उत्पन्न, वजावटी, भरलेला कर आणि रिफंडचा बँक खाते क्रमांक या चार ओळी वाचाव्यात, आणि मगच ओटीपी द्यावा. पोर्टलवर तुमचाच मोबाइल आणि तुमचाच ई-मेल असावा. सल्लागाराचा असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते.

सही करण्याआधी चूक सापडली तर पोर्टलने गेल्या काही वर्षांत एक फार चांगली सोय दिली आहे: पडताळणी न झालेलं विवरणपत्र रद्द करून नवं भरता येतं. करनिर्धारण वर्ष २०२३-२४ पासून हे आहे. दोन खबरदाऱ्या मात्र हव्यात. एकदा रद्द केलं की ते परत येत नाही. आणि मुदत उलटल्यावर रद्द केलं तर नवं भरलेलं रिटर्न उशिराचं ठरतं. आयटीआर-व्ही टपालात टाकला असेल तर रद्द करू नये. पडताळणी झाल्यावर चूक दिसली तर सुधारित विवरणपत्र भरायचं, आणि त्याची सही वेगळी करायची. सुधारित, अद्ययावत, विवरणपत्र सदोष असल्याच्या नोटिशीला उत्तर म्हणून भरलेलं, यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र पोचपावती क्रमांक असतो आणि प्रत्येकाची पडताळणी नव्याने लागते. मूळ रिटर्नला ओटीपी टाकला होता म्हणून सुधारित तसंच सोडणारे लोक दरवर्षी अडकतात.

लॉगिन न करताही पडताळणी करता येते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पोर्टलच्या मुखपृष्ठावरच्या झटपट दुव्यांत ई-व्हेरिफाय रिटर्न आहे. तिथे पॅन, करनिर्धारण वर्ष, १५ आकडी पोचपावती क्रमांक आणि मोबाइल टाकला की पुढचे पर्याय उघडतात. पासवर्ड विसरला आहे, मुदत जवळ आली आहे, अशा वेळी हाच दरवाजा कामाला येतो. साइटचा पत्ता मात्र स्वतः टाइप करावा. तो ‘गव्ह डॉट इन’ वर संपतो. रिफंड अडकला आहे, इथे दाबून व्हेरिफाय करा, असं सांगणारे एसएमएसमधले दुवे उघडू नयेत.

तीस दिवस गेलेच तर हातपाय गाळायचं कारण नाही, पण स्वस्थही बसू नये. आहे त्या दिवशी लगेच पडताळणी करावी, आणि विलंबाला खरं कारण असेल तर सेवा या मेन्यूतून विलंबमाफीची विनंती करावी. तिथे आयटीआर-व्ही सादर करण्यातला विलंब असा प्रकार निवडून कारण लिहायचं असतं. रुग्णालयात दाखल असणं, आधारचा क्रमांक बदलण्यात गेलेला वेळ, असं कारण तारखांसह लिहावं. ‘कामाच्या व्यापात राहून गेलं’ एवढंच लिहून भागत नाही. मंजुरी मिळाली तर उशिराचा शिक्का टळतो. शंका असेल तर पोर्टलच्या १८०० १०३ ००२५ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येतं, फोन करताना पॅन आणि पोचपावती क्रमांक समोर ठेवावा. आधार ओटीपीच येत नसेल तर ती तक्रार पोर्टलकडे नेऊन उपयोग नाही, त्यासाठी आधारचा १९४७ हा क्रमांक आहे.

आणि सही झाल्यावर दोन दिवसांनी दाखल विवरणपत्रांच्या यादीत एकदा डोकावावं. ‘सादर केले, पडताळणी प्रलंबित’ ऐवजी ‘यशस्वीरीत्या ई-व्हेरिफाय’ अशी स्थिती दिसली, की पोचपावतीचं नवं पान उतरवून जुनं फाइलमधून काढून टाकायचं.